प्रार्थनेला सांगितलेली गोष्ट

चर्चच्या मंडळीत कुणाचं काय दुखतंय हे देवाच्या आधी बेकरीवाल्या मावशींना कळत असे, आणि देवाला ते आपल्याकडूनच कळतं, अशी मावशींची प्रामाणिक समजूत होती. बुधवारच्या प्रार्थनासभेत पाळकांनी "प्रार्थनेचे विषय?" असं विचारलं की बाकीचे खाली मान घालून आठवू लागत. मावशींना आठवावं लागत नसे. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीचं न जमणारं लग्न, कुणाच्या घरात सासूने धरलेला अबोला, सगळं ताजं आणि गरमागरम हजर. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कुजबुजत सांगितलं असतं तर जिला चहाडी म्हटलं असतं, तीच गोष्ट डोळे मिटून, गळा दाटून सांगितली की तिचा प्रार्थनेचा विषय व्हायचा.

बाई मात्र मनाने लोण्याची, हेही सांगितलं पाहिजे. कुणाच्या घरी आजारपण आलं की दाराच्या कडीला पावाची पिशवी लटकलेली असायची, आणि ती कुणी लटकवली हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलेलंही असायचं.

बेकरी मावशी आणि काका मिळून चालवत. काका भट्टीकडे, मावशी गिऱ्हाइकांकडे. काका मैदा मळत, लाद्या फुगायला ठेवत, लांब दांड्याच्या फळीने आत सारत आणि दिवसभरात जेमतेम "हूं" म्हणत. मावशी त्या "हूं"चा अर्थ लावून दोघांच्या वतीने बोलत. संसार उत्तम चालला होता.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये सगळे मिळून घेतात त्या प्रभुभोजनाचा पाव याच भट्टीतून जाई. तो मात्र मावशी काकांना करू देत नसत. स्वतः मळायच्या, गोल करायच्या, वर ब्लेडने क्रूस कापायच्या. भट्टीचा डावा कोपरा जास्त तापतो म्हणून तो पाव बरोबर मध्ये ठेवायचा आणि अर्ध्यात एकदा फिरवायचा. मग पांढऱ्या फडक्यात गुंडाळून, गीत चालू असताना, मधल्या वाटेने वेदीपर्यंत न्यायचा. त्या वेळी मावशी अशा चालत की एखाद्या नवरीने आपली चाल सुधारावी. देव हे मावशींच्या लेखी जुनं, रोजचं गिऱ्हाईक होतं: वेळेवर येणारं, घासाघीस न करणारं आणि आपल्यावाचून ज्याचं अडतं असं.

आता धाकटीचं सांगतो. मावशींची धाकटी बहीण आणि तिचा नवरा दोघंही याच मंडळीतले. नवरा शिंपी. कोट असा बेतायचा की पोट असलेल्या माणसाला छातीही आहे असं वाटावं. सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरांना प्यायची सवय होती. एका दुपारी धाकटी बेकरीत आली आणि काउंटरवर कोपर टेकून तिने बहिणीला ते सांगायला घेतलं. बुधवारी मावशींनी ते प्रार्थनेला सांगितलं. मास्तरांचं नाव घेऊन सांगितलं, कारण देवाचा गोंधळ होऊ नये. सगळी मंडळी हळहळली, काहींनी रुमालही काढले. इतकी जोरदार प्रार्थना त्या खोलीत बऱ्याच दिवसांत झाली नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत धाकटी चर्चला यायची बंद झाली. मग दुकान बंद झालं. मग दोघं शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. पत्ता काकांना दिला, मावशींना नाही.

"रुसली," मावशी सांगायच्या. "पण मी तिला केव्हाच माफ केलंय."

हे वाक्य त्यांनी सायकलवाल्याला सांगितलं, शाळेतल्या बाईंना सांगितलं, पोस्टमनला तर दोनदा सांगितलं. धाकटीला इतक्या वेळा आणि इतक्या लोकांसमोर माफ करण्यात आलं होतं की ती बातमी फक्त तिलाच काय ती पोचायची राहिली होती.

*

तर असा सगळा ठीकठाक चाललेला विश्वास एका रविवारी नव्या पाळकांनी बिघडवला.

पाळक काटकुळे, आवाज इतका मऊ की मागच्या बाकांवर उपदेश पोचेपर्यंत त्याची अंगाई व्हायची. त्या दिवशी त्यांनी येशूचं ते सांगणं घेतलं: अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याबद्दल काही सलतंय, तर अर्पण तिथेच राहू दे. आधी त्याच्याकडे जा, मिटव, मग ये. मावशींनी काकांना कोपराने ढोसलं. उपदेश चांगला असला की तो काकांना लागू पडतो, हे ठरलेलं होतं.

"नीट ऐका," पाळक म्हणाले. "तुमच्या मनात त्याच्याबद्दल काही असेल तर, असं नाही म्हटलेलं. त्याच्या मनात तुमच्याबद्दल असेल तर. तुम्ही त्याला माफ केलंय की नाही, हा प्रश्नच इथे नाही."

मावशींचं कोपर तिथेच थांबलं.

घरी जाताना काका म्हणाले, "धाकटीकडे जाऊन येऊ या का?"

काकांनी अख्खं वाक्य बोलावं म्हणजे प्रसंगच होता. मावशी रस्त्यातच थबकल्या. "मी? मी का जाऊ? प्रार्थना केली मी तिच्यासाठी! शिव्या नाही दिल्या!"

"हूं," काका म्हणाले. पण या वेळचा "हूं" मावशींना नीट लावता येईना.

तिथून आठवडाभर मावशींना चैन पडेना. सोमवारी मीठच घातलं नाही. मंगळवारी बिस्किटांचा ट्रे डाव्या कोपऱ्यात राहिला आणि कोळसा होऊन बाहेर आला. बुधवारच्या प्रार्थनासभेत पाळकांनी विषय विचारले तेव्हा मावशींनी तोंड उघडलं, आणि आपल्याला काय सांगायचंय हे काही केल्या आठवेना. सभा लवकर संपली. लोक एकमेकांना विचारू लागले, मावशींना बरं नाही का?

शेवटी मावशींनी आपल्या पद्धतीचा तोडगा काढला. पाळक म्हणाले ना, कुणाच्या मनात काही आहे का ते बघा? बघू या की. धाकटी लांब राहते, गल्ली जवळ आहे. सुरुवात जवळून.

"ऐक रे," त्या सायकलवाल्याला म्हणाल्या, "तुझ्या मनात माझ्याबद्दल काही आहे का?"

सायकलवाला दचकला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हणजे आहे?"

"तसं नाही मावशी... पण माझं दुसरं लग्न झालं तेव्हा तुम्ही म्हणालात, या वेळी तरी टिकव."

"चांगल्यासाठी म्हटलं होतं!"

"तिच्या आईसमोर म्हटलं होतंत."

मावशींनी क्षमा मागितली. ते शाळेतल्या बाईंनी ऐकलं आणि त्या पाव घ्यायचं थांबवून म्हणाल्या, "मग माझंही घेऊनच टाका. पहाटे भट्टीपाशी तुम्ही जी गीतं म्हणता ना, ती माझ्या उशाशी म्हटल्यासारखी ऐकू येतात."

"देवाची गीतं आहेत, बाई."

"देवाला ती दुपारी ऐकू येत नाहीत का?"

पोस्टमन तर यादीच करून आल्यासारखा बोलू लागला. वरच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत मुद्दाम खाली उतरले, कारण त्यांना कळलं होतं की बेकरीत आज मनातलं बोलायला मिळतंय. दुपारपर्यंत काउंटरपुढे रांग लागली, आणि त्या रांगेत पाव घ्यायला आलेलं कुणीच नव्हतं. मावशी क्षमा मागता मागता घामाघूम झाल्या. आपण इतक्या लोकप्रिय आहोत याची त्यांना कल्पना नव्हती.

संध्याकाळी शटर ओढताना त्या काकांना म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं. सगळ्यांशी मिटलं."

काकांनी हात पुसले आणि त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "हूं"सुद्धा नाही. मावशींना वाटलं, यापेक्षा भांडले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी त्या पाळकांच्या दाराशी जाऊन थडकल्या. पाळक स्वयंपाकघरात एकटेच शर्टाचं बटण शिवत होते, म्हणजे बोटाला टोचून घेत होते.

"पाळकसाहेब, फोन केला तर चालेल का?"

"कुणाला?"

"ते जाऊ द्या. आणि तिथे भाऊ म्हटलंय ना? बहीण नाही म्हटलेलं."

"मावशी..."

"बरं, समजा ती आठवण वेदीपाशी आलीच नाही, घरीच आली. मग? मग तर लागू नाही ना होत?"

पाळकांनी सुई खाली ठेवली. "मावशी, खरं सांगू? मी तो उपदेश लिहिला तेव्हा कुणी उठून खरंच जाईल असं मला वाटलं नव्हतं. माझे वडील आणि मी बोलत नाही. कित्येक वर्षं झाली. मी तो उतारा वाचतो, समजावून सांगतो आणि घरी येऊन जेवतो."

मावशींना धक्काच बसला. पाळकांच्या घशाखाली जेवण उतरतं यावर त्यांचा आजवर काही आक्षेप नव्हता. पण सांगणाऱ्याचाच भरवसा नाही, तर मग आपण इतकी वर्षं "विश्वास धरतो" म्हणून उभ्या राहून मोठमोठ्याने म्हणतो, ते नेमकं कशावर धरतो? सही करून घेतलेल्या पार्सलसारखं ते घरात येऊन पडलं होतं. उघडून कुणी बघितलं होतं?

"मग हे सगळं खरं आहे की नाही?" त्यांनी विचारलं.

"खरं आहे," पाळक म्हणाले. "म्हणूनच तर भीती वाटते."

*

रविवारी सकाळी पाव मात्र अप्रतिम उतरला. क्रूस रेखीव फुटला, रंग मधासारखा. मावशी तो फडक्यात घेऊन पुढच्या बाकावर बसल्या तेव्हा तो अजून कोमट होता.

गीत सुरू झालं. मावशी उठल्या. त्यांची ती प्रसिद्ध चाल आज कुठे गेली होती कोण जाणे, त्या दोन्ही बाजूंना बघत, कुणीतरी पकडेल अशा चालीने निघाल्या. वेदीपाशी पोचल्या. पाळकांनी हात पुढे केले. आणि मावशींना आठवलं. खरं म्हणजे त्यांना आठवडाभर दुसरं काहीच आठवत नव्हतं, पण आता मात्र ती आठवण नियमाप्रमाणे, अगदी वेदीपाशी आली. काउंटरवर टेकलेलं धाकटीचं कोपर आणि तिच्या बाहीला लागलेलं पीठ.

"मी जाऊन येते," मावशी म्हणाल्या आणि वळल्या.

पाळकांचे हात तसेच पुढे राहिले. मावशी मधल्या वाटेने झपाझप दाराकडे निघाल्या. लोक गाता गाता माना वळवून बघू लागले, गीताची चाल एका बाजूला आणि शब्द दुसऱ्या बाजूला गेले. त्या दाराबाहेर पडल्या आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं.

"अहो, पाव घेऊन गेल्या!"

अर्पण तिथेच ठेवून जा, असं स्पष्ट सांगितलेलं होतं. मावशींनी सगळं ऐकलं होतं, तेवढंच निसटलं. इकडे प्याला भरलेला, थाळी मांडलेली, मंडळी ताटकळलेली, आणि पाव बसथांब्याच्या दिशेने चाललेला. पाळकांनी घसा साफ केला आणि दुसरं गीत सांगितलं. मग तिसरं.

बसमध्ये शिरल्यावर एका मुलीने पटकन उठून जागा दिली. "बसा मावशी, बाळाला घेऊन उभ्या राहू नका." मावशींनी खाली पाहिलं. पांढऱ्या फडक्यातला पाव त्यांनी छातीशी धरला होता. "झोपलंय वाटतं," मुलगी म्हणाली. मावशी "हो" म्हणाल्या. चर्चमधून निघून पहिलंच बोलणं, आणि तेही खोटं!

वाटभर त्या क्षमेची वाक्यं जुळवत होत्या. "माझं चुकलं, पण..." हे पहिलं. "तुझं मन दुखावलं असेल तर, पण..." हे दुसरं. "पण" काढायला गेलं की वाक्य लुळं पडायचं, ठेवायला गेलं की भांडायला उठायचं. बस वळणं घेत होती आणि मावशी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करत होत्या.

*

काकांकडून पत्ता त्यांनी केव्हाच काढून घेतलेला होता. अरुंद जिना, वरचं टोकाचं दार. दार मास्तरांनी उघडलं. चष्मा कपाळावर, शर्टावर दोऱ्याचे तुकडे. तिथेच मागे शिलाई मशीन आणि एकसारख्या निळ्या गणवेशांचा ढीग.

"आहे का ती?" मावशी म्हणाल्या आणि त्यांना ओलांडून आत गेल्या.

धाकटी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. वळली आणि हातातला ओला टॉवेल तसाच राहिला.

"कोण गेलं?"

"कुणी नाही गं."

"मग कशाला आलीस?"

मावशींनी तोंड उघडलं. वाटभर जुळवलेलं एकही वाक्य पुढे येईना. जे सगळ्यात जास्त वापरलेलं होतं तेच आपसूक बाहेर पडलं. "मी तुला माफ केलंय."

टॉवेलातून पाणी टपटपत राहिलं.

"तू मला?" धाकटी म्हणाली. "कशाबद्दल, ताई? ऐकू तरी दे."

"तसं नाही गं, मला म्हणायचं होतं..."

"एवढ्या लांब बस पकडून मला माफ करायला आलीस? पोस्टाने पाठवायचंस."

"मी वाईट मनाने नव्हतं सांगितलं! प्रार्थनेला सांगितलं होतं!"

"हो ना! वाईट मनाने सांगितलं असतंस तर एखाद्याच्या कानात सांगितलं असतंस. चांगल्या मनाने सांगितलंस, म्हणून अख्ख्या मंडळीला कळलं." धाकटीने टॉवेल दोरीवर असा मारला की दोरी थरथरली. "आणि सांगितलंस काय? त्या दिवशी मी काय सांगायला आले होते, आठवतंय तुला?"

"हेच. मास्तर पितात म्हणून."

"त्यांनी सोडली म्हणून! पीत होते, आणि सोडली. महिनोन्महिने थेंब नाही. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आनंदाने, म्हणून तुझ्याकडे आले. मध्येच गिऱ्हाईक आलं, तू उठलीस. पहिला अर्धा भाग तेवढा घेऊन गेलीस तू."

गिऱ्हाईक आलं होतं, हे मावशींना आठवलं. बन हवे होते त्याला.

"कॉलरचं माप घ्यायचं तर शिंप्याला गिऱ्हाइकाच्या तोंडाशी तोंड न्यावं लागतं," धाकटी हळू आवाजात म्हणाली. आतलं मशीन थांबलं होतं. "आपली सगळी मंडळी गिऱ्हाईक. माप द्यायला उभे राहायचे आणि हे जवळ गेले की श्वास आत ओढायचे. हुंगायचे गं. प्रेमाने! मग खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, आम्ही प्रार्थना करतोय हं. त्यांनी माप घेताना श्वास रोखायला सुरुवात केली. मग माप घेणंच सोडलं. आता शाळेचे गणवेश शिवतात, ठरलेल्या मापाचे. कुणाच्या जवळ जायला नको."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी पुसत होतं. मावशींना एकदम तिथून पळून जावंसं वाटलं, बेकरीत, काउंटरमागे, जिथे लोक येतात, बोलतात आणि जातात. नियम तर त्यांनी पाळला होता, गेल्या होत्या. मग आत काहीतरी हलकं व्हायला हवं होतं. यीस्ट घातलं, ऊब दिली, फुगायला नको?

"सांगावंसं वाटलं मला," त्या शेवटी म्हणाल्या. "प्रार्थना वगैरे नंतर. आधी सांगावंसं वाटलं. सगळे माझ्याकडे बघत होते गं. इतकी मोठी गोष्ट कुणाकडेच नव्हती, माझ्याकडे होती." थांबल्या. त्या वाक्यापुढे "पण" आला नाही. तो कुठे गेला ते त्यांनाही कळलं नाही.

धाकटी बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काही मऊ झालं असं म्हणता यायचं नाही, पण तिने दुसरा टॉवेल उचलला नाही.

मावशी गाठोडं मांडीवर घेऊन गॅलरीतल्या स्टुलावर टेकल्या, तेवढ्यात मास्तर चहा घेऊन आले. कप पुढे करताना किंचित वाकले आणि मावशींनी, सवयीने, नकळत, श्वास आत ओढला.

तिघांनाही कळलं.

"चहाच आहे, ताई," मास्तर म्हणाले. "हवं तर दोघांचे कप बदलून घेऊ."

मावशींनी कप घेतला. आठवडाभर त्या धाकटीच्या मनातलं काढायला चालल्या होत्या. दार उघडलं या माणसाने, गोष्ट या माणसाची, दुकान या माणसाचं, आणि त्याला त्या "आहे का ती?" म्हणून बाजूला सारून आत आल्या होत्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या. "मी आत्ताही... मी तुमच्याकडेच यायला हवं होतं. मला क्षमा करा."

मास्तरांनी बोटावरचा दोरा उलगडला. "ताई, खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "मी रोज सकाळी उठून एकच मागतो, आजचा दिवस निभावून ने. तो निभावतो. तुमच्यासाठी काही मागायला गेलो की तोंड बंद होतं. प्रयत्न केलाय. अजून जमलेलं नाही."

"तुम्ही प्रार्थना करता?"

"म्हणजे काय? चर्च सोडलं, ताई. त्याला कशाला सोडू?"

मिटलं नाही, तुटलंही नाही. आता उठायचं की बसायचं तेही कळेना. कप खाली ठेवायला त्यांनी मांडीवरचं गाठोडं बाजूला केलं, तेव्हा धाकटीचं लक्ष गेलं.

"हे काय आणलंस?"

"पाव."

"कसला पाव?" धाकटीने फडकं उचललं. क्रूस दिसला. "ताई! आज पहिला रविवार ना? हा प्रभुभोजनाचा पाव? तिकडे सगळे बसलेत?"

"गीत चालू होतं," मावशी क्षीण आवाजात म्हणाल्या.

"आणि तू पाव उचलून चालती झालीस?"

धाकटीने तोंडावर हात घेतला. हसू आवरायचा तिने मनापासून प्रयत्न केला, कारण तिला अजून रागवायचं होतं. पण खांदे हलू लागले, मग मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि शेवटी मावशी रडता रडता हसल्या की हसता हसता रडल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"ऊठ, जा आधी," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "आणि हे बघ, मी हसले म्हणजे मिटलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"आणि तिकडे जाऊन साक्ष द्यायला उभी राहू नकोस. माझ्या बहिणीकडे गेले, मास्तरांच्या पायाशी रडले, देवाने मन पालटलं, असलं काही नाही. एक अक्षर नाही."

"एक अक्षर नाही," मावशी म्हणाल्या. आयुष्यात इतकं अवघड वचन त्यांनी दिलं नव्हतं. लग्नातलं त्यापुढे सोपं होतं.

*

त्या परतल्या तेव्हा चर्चमध्ये निम्मे लोक उरले होते. जे उरले ते भक्तीने थांबले की उत्सुकतेने, ते देवालाच ठाऊक. गीतं संपून लोक आता नुसतेच बसले होते. पाळक दाराशी धावत आले.

"मिटलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

"मग?"

"गेले होते," मावशी म्हणाल्या. "मिटल्याशिवाय चालत नसेल तर सांगा, मी बाहेर बसते."

पाळकांनी त्यांच्याकडे पाहिलं. उत्तर त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नसावं. त्यांनी पाव घेतला, मावशींचा हातही जरा वेळ तसाच धरून ठेवला आणि म्हणाले, "आत या."

प्रभुभोजन झालं. पाव पार गार झाला होता. त्यानंतर नेहमीप्रमाणे पाळकांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" आणि सगळ्या माना एकदम मावशींकडे वळल्या. काय गोष्ट होती त्यांच्याजवळ! बस होती, बाळ होतं, मास्तर होते, अश्रू होते. अशी साक्ष त्या भिंतींनी ऐकली नसती. मावशींनी बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि जीभ दातांमागे दाबून समोरच्या खिडकीचे गज मोजायला लागल्या.

"कुठे गेला होतात हो?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

"काम होतं," मावशी म्हणाल्या.

उपासना संपली. बाहेर पडल्यावर काका शेजारून चालू लागले. कोपऱ्यावर वळल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाली धाकटी? मास्तर भेटले का? काय झालं तिथे?"

इतक्या वर्षांच्या संसारात काकांनी सलग तीन प्रश्न कधी विचारले नव्हते. मावशींच्या ओठांवर सगळं येऊन उभं राहिलं. त्या थांबल्या, तोंड उघडलं, मिटलं.

"त्यांची गोष्ट आहे ती," त्या म्हणाल्या. "त्यांना विचारल्याशिवाय कशी सांगू?"

आणि पुढे चालू लागल्या. बेकरी दोन वळणांवर होती, पण तेवढा रस्ता मावशींना आयुष्यात कधी इतका लांब वाटला नव्हता.